एकच गोवर, दोन घरं



दिवसभराची कामं उरकून तुम्ही इथे जमलात. आज आम्ही तुमच्याशी मुलांच्या एका आजाराविषयी बोलणार आहोत. त्याचं नाव गोवर. हे नाव नवं नाही. आपल्या आजीला ते ठाऊक होतं आणि तिच्या आजीलाही ठाऊक होतं.

पुष्कळ जण म्हणतात, "गोवर सगळ्यांनाच येतो. आला तसा जातो." लस नव्हती तेव्हा तो बहुतेक सगळ्या मुलांना येत असे, हे खरं. पण तो सगळीकडून आला तसा गेला नाही. काही घरांतून तो चार दिवसांत गेला. काही घरांतून मूल घेऊन गेला. असं का झालं? आजार एकच, मग घराघरांत फरक का? एवढंच आज समजून घेऊ या.

आपल्या रस्त्यावरची गोष्ट

आपली इगतपुरी घाटाच्या माथ्यावर आहे. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा मोठा रस्ता इथूनच जातो. खाली मुंबई, भिवंडी. पुढे घोटी, नाशिक, मालेगाव. आपली माणसं याच रस्त्यानं कामाला जातात आणि याच रस्त्यानं परत येतात.

२०२२ साली या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोवराची साथ आली. मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्त्यांत आली. भिवंडीत आली. आपल्याच जिल्ह्यात मालेगावलाही आली. मुलं दगावली. दगावलेल्या बहुतेक मुलांना लस टोचलेली नव्हती. त्याआधी दोन वर्षं कोरोनाचा काळ होता. त्या काळात पुष्कळ मुलांची लस राहून गेली होती.

साथ मुंबईत होती. मुंबईत मोठमोठे बंगलेही आहेत. पण साथीचा जोर बंगल्यांत नव्हता, झोपड्यांत होता. ही गोष्ट नीट ध्यानात धरा.

दोन घरांचा विचार करू

समजा, एका गावात दोन घरं आहेत. पहिल्या घरात नवरा, बायको आणि एक मूल. बापाला कायमची नोकरी आहे. घराला दोन खोल्या आहेत. मुलाला वेळच्या वेळी दोन्ही लसी मिळाल्या आहेत.

दुसऱ्या घरात एकच खोली आहे. तिच्यात आठ माणसं राहतात. चूलही तिथेच आणि अंथरूणही तिथेच. लहान मुलं तीन. भाताची कापणी झाली की हे कुटुंब वीटभट्टीवर नाही तर द्राक्षाच्या बागेत कामाला जातं. नर्सताई लस घेऊन गावात येते, तेव्हा यांच्या दाराला कडी असते. भट्टीवर कोणी विचारत नाही. धाकट्याची लस राहते ती राहतेच.

आता गोवर आला. तो खोकल्यातून, शिंकेतून हवेत पसरतो. रोगी खोलीतून उठून गेला तरी दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत जंतू राहू शकतात. लस नसलेल्या वस्तीत एक रोगी बारा ते अठरा जणांना हा आजार देऊ शकतो. अंगावर पुरळ उठतो, त्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल तो इतरांना देऊ लागतं. आपल्याला कळतं तोवर उशीर झालेला असतो.

पहिल्या घरातलं मूल बहुधा वाचतं. दुसऱ्या घरात तिन्ही मुलं एकामागून एक पडतात.

एका संशोधकानं काय पाहिलं

आफ्रिकेत गिनी-बिसाव नावाचा एक लहानसा देश आहे. १९७९ साली तिथे गोवराची मोठी साथ आली होती. पीटर आबी नावाच्या डेन्मार्कच्या संशोधकानं तिथल्या घराघरांतला हिशेब पाहिला. त्याला काय आढळलं? जे मूल बाहेरून गोवर घेऊन येई, त्याला आजार त्या मानानं हलका होई. पण त्याच्या शेजारी निजणाऱ्या भावंडांना तो जड जाई. रात्रंदिवस एकाच खोलीत श्वास घेतल्यानं त्यांच्या अंगात जंतूंचा मोठा भार जाई. जिथे एका घरात अनेक लहान मुलं, तिथे मृत्यू अधिक.

म्हणजे मूल मुळात अशक्त होतं म्हणूनच गेलं, असं प्रत्येक वेळी नसतं. घरातली दाटीही मारते.

पोट, धूर आणि मुलगी

दाटीशिवाय आणखीही कारणं आहेत. मूल अर्धपोटी असेल तर गोवर त्याला जड जातो. अ जीवनसत्त्व कमी असेल तर डोळ्यांवर येतं. दृष्टीही जाऊ शकते. घरात चुलीचा धूर कोंडला असेल तर छाती आधीच बिघडलेली असते. मग न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. गोवरात मुलं बहुतेक न्यूमोनियानं आणि जुलाबानं दगावतात.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती ऐकायला बरी वाटणार नाही. मुलगा तापला तर आपण रात्रीच गाडी शोधतो. मुलगी तापली तर म्हणतो, "बघू सकाळी." जंतूला मुलगा-मुलगी कळत नाही. तो भेद आपण करतो.

नुसत्या गोवराचंच असं नाही. रोटा नावाच्या विषाणूनं मुलांना जुलाब होतात. पाच वर्षांचं होईपर्यंत जगातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला हा विषाणू एकदा तरी गाठतो, श्रीमंताच्याही आणि गरिबाच्याही. पण मुलं मरतात ती मुख्यतः गरीब घरांतली. दवाखाना लांब, हातात पैसा नाही आणि मूल सुकत जातं.

म्हणून आम्ही म्हणतो, आजार आईच्या चुकीनं येत नाही. कोणाच्या पापानंही येत नाही. आठ माणसांना एकच खोली, ही काही त्या आईची निवड नव्हे. खोली एका दिवसात मोठी होणार नाही. ती मोठी व्हावी म्हणून झगडावं लागेल. पण लस मात्र उद्याच मिळू शकते. आणि ती गरिबाच्या मुलालाही श्रीमंताच्या मुलाइतकीच राखते.

मग करायचं काय?

पहिलं. गोवर-रुबेलाच्या लसीचे दोन डोस असतात. पहिला मुलाला नऊ महिने पुरे झाल्यावर. दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या आत. एकाच डोसावर थांबू नका. पहिल्या डोसानं शंभरातली सुमारे पंच्याऐंशी मुलं राखली जातात. दोन्ही घेतले तर सुमारे सत्त्याण्णव. सरकारी दवाखान्यात लस फुकट आहे. वेळ चुकली असली तरी पाच वर्षांपर्यंत देतात. "आता कशाला विचारायचं?" असं म्हणून लाजू नका.

दुसरं. कामाला गाव सोडाल तेव्हा लसीचं कार्ड बरोबर घ्या. रेशनकार्डाच्या पिशवीतच ते ठेवा. ते दुसऱ्या गावात, दुसऱ्या जिल्ह्यातही चालतं. जिथे उतराल तिथल्या आशाताईला किंवा अंगणवाडीच्या बाईला दाखवा. गोवराचा जोर हिवाळा सरताना आणि उन्हाळ्याच्या तोंडाला असतो. नेमके तेव्हाच आपण भट्टीवर असतो.

तिसरं. ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे आणि मग तोंडावरून खाली उतरणारा पुरळ, असं दिसलं की मुलाला दवाखान्यात न्या. तिथे लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाचा डोस देतात. त्यानं डोळे वाचतात, जीवही वाचतो. श्वास जोरात चालला, मूल पाणी पिईना, झटका आला किंवा डोळ्यावर सारा आला, तर एक तासही थांबू नका.

चौथं. मुलाचं खाणं तोडू नका. अंगावरचं दूध चालू ठेवा. पेज, वरण, भाजी द्या. पुरळ उठल्यापासून चार दिवस त्याला शाळेत, बाजारात, लग्नाला नेऊ नका. घरात जमेल तितकं इतर मुलांपासून वेगळं निजवा.

उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला तर काही बिघडत नाही. दवाखाना चुकवला तर बिघडतं. देवीचा रोगही एके काळी देवीचा कोप म्हणून लोक सोसत होते. लस घराघरांत पोचली आणि १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी झाला नाही. कोपानं आलेला रोग लसीनं गेला नसता.

आज घरी गेल्यावर एक काम करा. पेटी उघडा आणि मुलांची कार्डं काढा. आता तुम्हाला अक्षर वाचता येतं. गोवराच्या पुढे दोन तारखा आहेत की नाहीत, ते स्वतः वाचून पाहा. एकच असेल किंवा एकही नसेल, तर उद्याच आशाताईला गाठा. आणि शेजारचं कुटुंब भट्टीवर गेलं असेल तर त्यांनाही निरोप धाडा. त्यांचं मूल राखलं गेलं, तर तुमचंही राखलं जाईल.

एवढं सांगून आम्ही थांबतो.