पायाला विसावा, छातीला काम

श्रोतेहो, माघ-फाल्गुनाचे दिवस आहेत असे समजा. शिरड शहापूरच्या शिवारात हळदीची काढणी चालली आहे. कंद खणायचे, वेचायचे, शिजवायचे, वाळत घालायचे. घरात एकही हात रिकामा नाही. नेमक्या अशा वेळी घरचा कर्ता माणूस बांधावरून घसरतो आणि घोट्याचे हाड मोडते. डॉक्टर प्लास्टर घालतात आणि बजावतात, "सहा आठवडे हा पाय जमिनीला टेकवायचा नाही." माणूस बाजेवर पडतो. शेजारीपाजारी येतात, म्हणतात, "आता मुळीच हलू नका हो!" आणि तो बिचारा खरोखरच हलत नाही.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघते. हाड सांधलेले असते. काठी टेकत टेकत तो मल्लिनाथांच्या मंदिरापर्यंत जातो, तर तेवढ्यातच धाप लागते. मग तो घाबरून विचारतो, "पाय तर बरा झाला, मग हा दम कुठे गेला?"

दम कुठे गेला, तेच आज आपल्याला पाहायचे आहे. मोडला होता पाय, पण पायाबरोबर आपण छातीलाही बाजेवर निजवले. विसावा हवा होता एका अवयवाला, तो दिला आपण साऱ्या देहाला!

यात अतिशयोक्ती नाही. 1966 साली अमेरिकेत डॅलस येथे 20 वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवले होते. त्यांना ना आजार, ना दुखापत. तरीही उठल्यावर त्यांची श्रम करण्याची ताकद चौथ्या हिश्श्याहूनही अधिक घटलेली आढळली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा दिसले की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढे नुकसान केले नव्हते, तेवढे त्या तीन आठवड्यांच्या निजण्याने केले होते. मग पन्नाशीच्या शेतकऱ्याचे काय होत असेल, याचा विचार तुम्हीच करा.

यावर उपाय आहे आणि तो तुमच्या खांद्यालाच लटकलेला आहे. हात! हातांचे स्नायू जोराने चालू लागले की तेही रक्त मागतात, प्राणवायू मागतात. तो पुरवायला हृदयाला धावावेच लागते. मागणी पायांकडून आली की हातांकडून, हृदयाला त्याचे सोयरसुतक नाही. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. हातांचे स्नायू लहान. पायांच्या श्रमात जेवढा प्राणवायू खर्ची पडू शकतो, त्याच्या साधारण दोन-तृतीयांशच हातांच्या श्रमात पडतो. शिवाय तेवढ्याच कामाला हातांनी नाडी लवकर वाढते, रक्तदाबही चढतो. म्हणून हातांचा व्यायाम थोडा थोडा, थांबत थांबत करायचा असतो.

हातांवर माणूस किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे लष्करातील मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत 50 मीटर पोहण्याची शर्यत त्यांनी 37.33 सेकंदांत जिंकून सुवर्णपदक मिळवले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची दुखापत कितीतरी भारी. आपला तर घोटाच मोडला आहे. पण सूत्र एकच: जे अंग शाबूत आहे, त्याने बाकीच्या देहाला जागे ठेवावे.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. प्रथम डॉक्टरांना विचारा. ते "हो" म्हणाले की एक पाठ असलेली, न डुगडुगणारी खुर्ची घ्या. दुखरा पाय डॉक्टर सांगतील तसा स्टुलावर ठेवा. मग विहिरीवरचा रहाट फिरवतो आहोत अशा थाटात दोन्ही हात समोर गोल फिरवा. एक मिनिट फिरवा, एक मिनिट थांबा. पुढच्या खेपेला हवेत ठोसे मारा, डावा-उजवा, डावा-उजवा. त्यानंतर घराच्या खांबाला दोर बांधून तो आळीपाळीने ओढल्यासारखे करा, पण खुर्ची सरकणार नाही एवढे पाहा. अशा पाच फेऱ्या केल्या की दहा मिनिटे झाली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. झेपेल तसे दर आठवड्याला दोन-तीन मिनिटांनी वाढवा. हलके झाले तर दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या लहान बाटल्या धरा. आणि संध्याकाळी भजनाला बसत असाल तर टाळ तुम्हीच मागून घ्या. पाऊण तास टाळ वाजवणे हा काही कमी व्यायाम नव्हे, आणि मनही रमते!

किती जोर लावायचा? माप सोपे आहे. श्वास जलद व्हावा, पण शेजारी बसलेल्याशी दोन वाक्ये बोलता यावीत. बोलताच येईना, तर थांबा. श्वास कधीही कोंडून धरू नका. खांदा दुखू लागला तर एक दिवस सोडा.

काही गोष्टी मात्र अगदी कटाक्षाने पाळा. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांच्या परवानगीवाचून सुरुवात करू नका. छातीत दुखले, चक्कर आली, पोटरी सुजून दुखू लागली किंवा बसल्या जागी एकाएकी धाप लागली, तर व्यायाम थांबवून तडक दवाखाना गाठा. फार दिवस पाय न हलल्याने पायातल्या शिरेत रक्ताची गाठ धरते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. ही लक्षणे अंगावर काढायची नसतात.

या व्यायामाने हाड लवकर जुळेल, असे मी म्हणत नाही. हाड आपल्या गतीनेच जुळते. पायाचे स्नायूही झडायचे ते थोडे झडतीलच, त्यांना पुढे वेगळे कष्ट पडतील. पण प्लास्टर निघेल त्या दिवशी कुबड्या पेलायला खांदे तयार असतील आणि चालायला दम शिल्लक असेल. पुढच्या हंगामात बांधावर उभे राहायचे, तर याहून अधिक काय हवे?

तेव्हा घरात कुणाचा पाय प्लास्टरमध्ये असेल, तर त्याला "हलू नका" म्हणू नका. "पाय हलवू नका, हात चालू द्या," असे म्हणा.