आभासी चलन : ही हुंडी कोणावर?



जुन्या पेढीवरची दर्शनी हुंडी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तिच्यातील एक गोष्ट निश्चित स्मरत असेल. हुंडी हजार रुपयांची असली तर केवळ ‘रुपये एक हजार’ एवढे लिहून भागत नसे. निमे रुपये पाचशे, त्याचे दुप्पट पुरे एक हजार, अशा अर्थाचा मजकूर त्यापाठोपाठ येई. कोणी लबाडीने एखादे शून्य वाढविले, तर निम्म्याचा आकडा त्याची चोरी उघडी पाडी. हुंडी वटली की तिचा ‘खोखा’ होई, म्हणजे ती पुन्हा वटविता येत नसे. हरवली तर ‘पेठ’ आणि तीही हरवली तर ‘परपेठ’ लिहून मिळे. १८८१ साली चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा झाला, तेव्हा देशी भाषेतील हुंडीच्या स्थानिक रूढींना त्याने पहिल्याच कलमात अभय दिले. खानदेशातील व्यापाऱ्यास, विशेषतः कापसाच्या हंगामात मुंबईशी देवघेव करणाऱ्यास, सरकारी शिक्क्यावाचून पैशाप्रमाणे चालणारा कागद ही नवलाची वस्तू कधीच नव्हती.

असा कागद चालतो याचे कारण तीन प्रश्नांची उत्तरे त्यात असतात. आकडा बदलला जाणार नाही, हे पहिले. एकच कागद दोनदा वटणार नाही, हे दुसरे. आणि तो ज्याच्यावर काढला आहे ती पेढी वेळेवर पैसे मोजील, हे तिसरे. आज घराघरांतील तरुण पिढी ज्या आभासी चलनाविषयी बोलते, त्याने यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अत्यंत बुद्धिमत्तेने दिली आहेत. तिसऱ्या प्रश्नापुढील जागा मात्र कोरी ठेवली आहे. या विषयाचे सारे आकर्षण आणि सारा धोका त्या कोऱ्या जागेत आहे.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने नऊ पानांचा एक निबंध महाजालावर प्रसिद्ध झाला. हे नाव एका व्यक्तीचे की अनेकांचे, याचा निर्णय आजही लागलेला नाही. त्या निबंधाबरहुकूम ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनची पहिली नोंद झाली. बिटकॉइन म्हणजे मुळात एक वही होय. तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात आणि सुमारे दर दहा मिनिटांनी तिला एक नवे पान जोडले जाते. रोजकीर्दीत जशी कालची शिल्लक आजच्या पानावर ओढली जाते, तसा येथे मागील पानाचा एक सारांश-आकडा पुढील पानाच्या माथ्यावर येतो. ज्या गणिती कृतीने हा आकडा निघतो ती मोठी विलक्षण आहे. पानावरील एक अक्षर बदलले तरी सारांश पूर्णपणे बदलतो. मग पुढील पानाचा माथा चुकतो, त्याच्या पुढचाही चुकतो. मागची नोंद गुपचूप खोडावयाची तर पुढची सर्व पाने नव्याने लिहावी लागतील. निमे-दुप्पट लिहिणाऱ्या आपल्या मुनीमजींना ही युक्ती लगेच कळली असती.

आता हे पान लिहिणार कोण? त्यासाठी स्पर्धा असते. सारांश-आकड्याच्या आरंभी ठरावीक संख्येने शून्ये यावीत, अशी अट आहे. त्याकरिता पानावर एक फुटकळ संख्या घालून पाहावयाची, जमले नाही तर दुसरी, मग तिसरी, असे अब्जावधी वेळा करावे लागते. यात हुशारी चालत नाही. केवळ यंत्र आणि वीज खर्ची पडते. ज्याला संख्या सापडेल त्याने पान लिहावे आणि मेहनताना म्हणून काही नवी बिटकॉइन स्वतःच्या नावे जमा करून घ्यावीत. यालाच ‘मायनिंग’ म्हणजे खाणकाम असे भारदस्त नाव मिळाले आहे. निर्मिती आणि वितरण अशा रीतीने एकाच जमानोंदीत उरकते. टांकसाळ नाही, कोषागार नाही, गव्हर्नरची स्वाक्षरी नाही.

मेहनतान्याचा हिशेब मात्र काटेकोर आहे. प्रारंभी प्रत्येक पानास ५० बिटकॉइन मिळत. दर २,१०,००० पानांनंतर, म्हणजे सुमारे चार वर्षांनी, ही रक्कम निम्मी होते : २०१२ मध्ये २५, २०१६ मध्ये १२.५, २०२० मध्ये ६.२५ आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५. पहिल्या टप्प्यात १ कोटी ५ लाख नाणी निघाली, दुसऱ्यात साडेबावन्न लाख. ही निम्म्या-निम्म्याची बेरीज कितीही पुढे नेली तरी २ कोटी १० लाखांपलीकडे जात नाही. सारे जग मिळून दिवसाला साधारण १४४ पाने लिहिते. खाणकाम करणारे दहा असोत वा दहा लाख, पानांची संख्या तेवढीच राहावी म्हणून दर २,०१६ पानांनी कोड्याची कठीणता आपोआप कमी-अधिक केली जाते. म्हणजे वाटेकरी वाढले की प्रत्येकाचा वाटा घटतो. हे वाक्य ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मूल्याचा प्रश्न येथून सुरू होतो. २२ मे २०१० रोजी अमेरिकेत दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन मोजली गेली. डिसेंबर २०१७ मध्ये एका नाण्याचा भाव २०,००० डॉलरच्या जवळ पोहोचला आणि वर्षभरात ४,००० च्या खाली आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ६९,००० च्या आसपास होता, पुढच्या नोव्हेंबरात १६,००० च्या आसपास. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने लाखाची पायरी ओलांडली. पुष्कळांचे म्हणणे असते की, विजेचा एवढा खर्च होतो, तेव्हा त्याला मूल्य असणारच. कापडाच्या धंद्यातील कोणीही या युक्तिवादावर हसेल. शंभर रुपये मीटर पडतळ पडलेले कापड, रंगाची चाल गेली की साठ रुपयांत काढावे लागते. गिऱ्हाईक पडतळ विचारीत नाही. शिवाय येथे गाडी उलटी जुंपलेली आहे. भाव चढला की खाणकाम करणारे वाढतात, कोडे कठीण होते आणि खर्च चढतो. भाव पडला की खर्चही उतरतो. खर्च भावाच्या मागे धावतो. शेतास खंड येतो, शेअरवर लाभांश मिळतो, ठेवीवर व्याज मिळते. जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचा कस लागतो आणि भाव पडला तरी दागिना अंगावर राहतो. बिटकॉइनला यांतील काहीच नाही. पुरवठा बांधलेला असल्याने त्याचा भाव सर्वस्वी मागणीच्या हाती आहे. उद्या कोणी अधिक देईल, एवढाच तिचा आधार.

हे झाले अस्सल मालाविषयी. २०१५ साली इथेरियम नावाची दुसरी वही सुरू झाली आणि तिच्यावर कोणालाही स्वतःचे टोकन काढणे सोपे झाले. त्यास खाण लागत नाही, कोडे लागत नाही. तयार नमुन्यात नाव आणि एकूण संख्या भरली की एका दुपारात दहा कोटी टोकने जन्मास येतात आणि सर्वची सर्व जन्मदात्याच्या खात्यात जमा होतात. मग त्यातील शंभर टोकने ५० रुपयांनी आपल्याच माणसास विकावयाची. पाच हजारांची उलाढाल झाली. परंतु भाव गुणिले संख्या या सूत्राने एकूण ‘बाजारमूल्य’ निघाले ५०० कोटी! गुणाकार बिनचूक आहे. दहा कोटी टोकने त्या भावाने घेणारा गिऱ्हाईक मात्र पृथ्वीतलावर नाही.

महाराष्ट्राने याचा दाहक अनुभव घेतला आहे. २०१५ मध्ये अमित भारद्वाज याने आपल्या भावासमवेत ‘गेनबिटकॉइन’ ही योजना सुरू केल्याचे तपास यंत्रणा सांगतात. बिटकॉइन द्यावे आणि खाणकामाच्या उत्पन्नातून १८ महिने दरमहा १० टक्के बिटकॉइन परत घ्यावे, असे तिचे आमिष होते. शंभर देणाऱ्यास एकशे ऐंशी. वाटेकरी वाढले की वाटा घटतो, हे ज्यास ठाऊक त्यास या कराराचे वैगुण्य कागद-पेन्सिलीने काढता आले असते. जुलै २०१६ मध्ये तर साऱ्या जगाचा मेहनतानाच निम्मा झाला. करारातील दहा टक्के मात्र जागच्या जागी होते. असा परतावा नव्या सभासदांच्या भरण्यातूनच येऊ शकतो. सभासद आणणाऱ्यास दलाली होती, त्यामुळे योजना मित्रांकडून, नातलगांकडून घरात शिरली.

२०१७ मध्ये नवा भरणा आटू लागला. तेव्हा, केंद्रीय अन्वेषण विभागाच्या म्हणण्यानुसार, परतावा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ या घरच्याच टोकनात दिला जाऊ लागला. त्याची खरी किंमत बिटकॉइनच्या मानाने फारच थोडी होती. देणेकऱ्याने स्वतःच छापलेल्या चिठ्ठ्यांनी कर्ज फेडल्यासारखे हे झाले. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाज यास अटक केली. निकाल लागण्यापूर्वीच जानेवारी २०२२ मध्ये त्याचे निधन झाले. सक्तवसुली संचालनालयाने गोळा झालेल्या बिटकॉइनची किंमत २०१७ च्या भावाने ६,६०० कोटी रुपये सांगितली आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभरचे गुन्हे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुणे, नांदेड, कोल्हापूरसह सुमारे साठ ठिकाणी झडत्या झाल्या. याच प्रकरणाचा एक उपकथाभाग असा की, तपासात पोलिसांना साहाय्य करणाऱ्या दोन तंत्रज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. जप्तीतील चलन परस्पर वळविल्याचा आरोप त्यांच्यावर आला.

कायद्याची स्थिती थोडक्यात अशी. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ पासून सावधगिरीचे इशारे दिले. एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. २०२२ च्या वित्त कायद्याने नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीवर १ टक्का मुळातून कपात लागू केली. तोटा अन्य उत्पन्नातून वजा करण्यास किंवा पुढे ओढण्यास मुभा ठेवली नाही. कर आकारला म्हणून ते चलन मान्य झाले, असा अर्थ कोणी काढू नये. १ डिसेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ व्यवहारांसाठी प्रायोगिक तत्त्वावर काढलेला डिजिटल रुपया ही सर्वस्वी वेगळी वस्तू आहे; तेथे देणेकरी म्हणून रिझर्व्ह बँक स्वतः उभी आहे. त्या हुंडीवर पेढीचे नाव आहे.

ज्या घरांत हे चलन आधीच आले आहे, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. त्याची मालकी एका गुप्त किल्लीवर असते. बहुधा ती बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांच्या रूपाने लिहून ठेवतात. किल्ली ज्याच्या हाती, धन त्याचे. ती स्वतःजवळ न ठेवता बाजारचालक कंपनीकडे ठेवली, तर जोखीम त्या कंपनीची बनते; जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्स या कंपनीकडून सुमारे २३ कोटी डॉलरचे चलन चोरीस गेले आणि ग्राहकांचे व्यवहार दीर्घकाळ अडकून पडले. किल्ली स्वतःजवळ ठेवली आणि कर्ता मुलगा अकस्मात गेला, तर बँकेत जसे वारसाचे नामांकन असते, तसे त्या वहीत काही नसते. न्यायालयाचा वारस दाखला तेथे चालत नाही, अर्ज घेणारा शाखाधिकारीही नाही. वहीत आकडा दिसत राहतो, सर्व जगाला दिसतो, आणि त्याला कोणीही हात लावू शकत नाही. तेव्हा दिवाळीच्या वहीपूजनाला घरातील सर्व मंडळी एकत्र जमतात, त्या वेळी वडिलांनी मुलांना एवढे विचारावे : असे काही घेतले आहे काय, किती रुपयांचे, आणि ते शब्द कोठे लिहून ठेवले आहेत?