फोनचे धुराडे



आमचा विषय फलकावर लागला तेव्हा काहींनी विचारले, ‘फोनला धुराडे असते काय?’ असते, परंतु ते आपल्या खिशात नसून शेजारी परळीस असते.

देशातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज अजून कोळशावर तयार होते. एक युनिट वापरले की सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक लिटर पेट्रोल जाळले तर २.३ किलो. फोन रोज चार्ज केला तर वर्षाला पाच-सहा युनिटे लागतात, म्हणजे दोन लिटर पेट्रोलाइतकाही धूर नाही. उलट, २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि सोनपेठचा शेतकरी बांधावर उभा राहून पिकाची नोंद करू लागला. सातबाराही फोनवर निघतो. तालुक्याच्या दोन-चार खेपा वाचल्या की फोनने वर्षाचे देणे फेडले.

मात्र खेप खरोखर वाचली पाहिजे. अंगठा जुळत नाही, रेंज नाही, सर्व्हर बंद, म्हणून तीच म्हातारी तिसऱ्यांदा सेवाकेंद्रात येते, तेव्हा बचत कागदावर राहते आणि पेट्रोल रस्त्यावर जळते. वर मजुरी बुडते. तिला कोणत्याही अहवालात रकाना नाही.

फोनचा अधिक धूर तो वापरताना नव्हे, घडविताना होतो. तेव्हा टपरीत बसून बॅटरी बदलणारा, दोन वर्षांचा फोन चार वर्षे चालविणारा आपला कारागीर पुष्कळ धूर वाचवितो. त्याचा सत्कार कोणी केल्याचे आम्ही ऐकले नाही!

आता मोठ्या भट्टीकडे वळू. आपली छायाचित्रे, व्यवहार, करमणूक सारे साठते ते प्रचंड संगणकगृहांत. मुंबई आणि नवी मुंबई हे देशातील त्यांचे सर्वांत मोठे ठाणे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०२४ साली जगातील अशा केंद्रांनी सुमारे ४१५ अब्ज युनिटे वीज घेतली, आणि २०३० पर्यंत हा आकडा दुपटीवर जाईल. गावात वाचविलेली खेप तेथे केव्हाच गिळली जाते.

कोळशाच्या विजेला पाणीही लागते. परळीच्या केंद्राला गोदावरीचे पाणी आमच्या जिल्ह्यातील बंधाऱ्यांतून जाते. २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून ते केंद्र बंद पडले होते. असे केंद्र थांबले म्हणजे कायम नोकराचा पगार चालू राहतो, कंत्राटी माणसाचा खाडा पडतो. राख मात्र दोघांच्याही अंगणात पडलेली असते.

संगणकगृहे नकोत, असे आम्ही म्हणत नाही. तेथेही माणसे पोट भरतात. पण सवलत मागताना त्यांनी आपली वीज सूर्यापासून वा वाऱ्यापासून आणावी, रात्रीसाठी साठवणही स्वतःच करावी. आणि कारखान्याच्या दारावर किमान वेतनाचा तक्ता लावावा लागतो, तसा त्यांच्या दारावरही तक्ता असावा: या महिन्यात वीज किती, ती कशाची, आणि पाणी कोणत्या धरणाचे.