तांबडा उजेड आणि न भरणारी जखम

येवल्यात पैठणीच्या मागावर बसणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी मला मध्यंतरी विचारले, "सर, पायाची जखम तीन महिने झाले, भरत नाही. तांबड्या उजेडाचा दिवा मिळतो म्हणे. मागवू का?"

काकांना मधुमेह आहे. पाय दिवसभर मागाच्या खड्ड्यात, बोटे बधिर. काय टोचले ते कळलेसुद्धा नाही. मी काही डॉक्टर नव्हे. पण उत्तर द्यायचे म्हणून वाचायला बसलो, तेच आज तुम्हांला सांगतो.

या उपचाराचा उगम एका फसलेल्या प्रयोगात आहे. 1960 मध्ये पहिला लेसर तयार झाला. पुढे 1967 च्या सुमारास बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर या डॉक्टरांनी, लेसरने कर्करोग होतो की काय हे पाहण्यासाठी, उंदरांच्या पाठीचे केस भादरून त्यावर मंद लेसर टाकला. कर्करोग झाला नाही. उलट भादरलेले केसच लवकर उगवले! मग त्यांनी चिघळलेल्या जुन्या जखमांवर तोच उजेड वापरून पाहिला.

हा शेक नव्हे, हे आधी ध्यानात घ्या. कातडी तापतसुद्धा नाही. मग घडते काय? आपल्या बहुतेक पेशींत तंतुकणिका असतात. अन्नातली ऊर्जा पेशीच्या उपयोगी पडेल असे रूप तिथे घेते. त्या साखळीच्या अगदी शेवटी सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे एक विकर ऑक्सिजन वापरते. तांबडा आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश हे विकर शोषून घेते. आजारी पेशीत नायट्रिक ऑक्साइड या विकराला चिकटून त्याचे काम अडवतो. प्रकाशाने तो सुटतो आणि पेशीचा श्वास मोकळा होतो, असा एक खुलासा आहे. सगळ्याच शास्त्रज्ञांना तो पटलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण प्रयोगशाळेत दिसते ते असे: पेशीतली ऊर्जा वाढते, कोलॅजेनचे धागे घालणाऱ्या पेशी जोमाने वाढतात, नव्या केशवाहिन्या फुटतात. मधुमेह्याच्या जखमेत नेमके हेच काम अडलेले असते. दाह संपत नाही, आणि दाह संपल्याशिवाय धागा पडत नाही.

तांबडाच का? निळा-हिरवा प्रकाश रक्त वरच्यावर शोषून घेते. 600 नॅनोमीटरच्या पुढचा जरा खोल उतरतो.

खरी मेख आहे मात्रेत. दर चौरस सेंटिमीटरला थोडे ज्यूल दिले तर पेशी उभारी धरते; बरेच जास्त दिले तर तीच पेशी मंदावते. औषधासारखेच हे. बाजारातल्या दिव्यातून किती अंतरावर, किती वेळात, किती मात्रा पडते, हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येत नाही. शिवाय जखमेत कर्करोग असेल, तर हा उजेड डॉक्टरांना विचारल्यावाचून टाकूच नये.

उपयोग मुळीच नाही असे मात्र नाही. कर्करोगाच्या किरणोपचारात तोंड सोलवटते, घास गिळवत नाही; त्यावर मणिपालच्या डॉक्टरांनी केलेली मंद लेसरची चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिचा गुण दिसला. ठरावीक रुग्णांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही हा उपचार आला आहे. मधुमेही पायाच्या बाबतीत चाचण्या आशादायक, पण लहान. तिथे उजेड जोडीला चालेल. साखर ताब्यात ठेवणे, मेलेली कातडी काढणे आणि पायावरचा भार काढणे, हे टाळून चालणार नाही.

मी काकांना एवढेच म्हटले, "दिव्याचे पैसे राहू द्या, आधी पाय डॉक्टरांना दाखवा."

ते नाशिकला जाऊन आले. डॉक्टरांनी जखम साफ केली आणि सहा आठवडे पाय मागावर ठेवायचा नाही म्हणून बजावले. मागावर अर्धी पैठणी, मजुरी ती उतरल्यावर. तेव्हा काका दिव्यापेक्षा या सहा आठवड्यांनीच जास्त हबकले. सध्या मागावर सूनबाई बसतात. काका शेजारी खाटेवर पाय वर करून, मोराचा रंग चुकला की ओरडतात.