तारापूरचे इंधन

अणुवीज केंद्राची यंत्रसामग्री एकदाच आणावी लागते. इंधन मात्र केंद्र चालेल तितकी वर्षे लागतच राहते. म्हणून ज्या देशाकडे स्वतःचे युरेनियम बेताचे आहे, त्याला अणुभट्टीचा प्रकार निवडतानाच पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या परराष्ट्र धोरणाचाही एक भाग ठरवावा लागतो. भारताच्या बाबतीत हा पेच सर्वांत उघडपणे दिसला तो महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, तारापूरला.

खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये सहज भंगणारा भाग, म्हणजे युरेनियम-२३५, जेमतेम ०.७ टक्के असतो. साध्या पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्टीचे एवढ्यावर भागत नाही. तिच्यासाठी हे प्रमाण काही टक्क्यांपर्यंत वाढवावे लागते. असे समृद्ध युरेनियम तयार करणारे कारखाने मोजक्या देशांकडे आहेत, आणि त्याच तंत्राने प्रमाण आणखी वाढवत नेले की बॉम्बचे द्रव्य हाती येते. तेव्हा ते तंत्र कोणी कोणाला सहजासहजी देत नाही. दुसरी वाट जड पाण्याची. त्या अणुभट्टीत नैसर्गिक युरेनियम जसेच्या तसे चालते. मात्र जड पाणी बनवण्याचे खर्चिक काम अंगावर येते.

डॉ. होमी भाभांनी १९५४ मध्ये मांडलेली तीन टप्प्यांची योजना या दुसऱ्या वाटेवर आधारलेली होती. आधी नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी; त्या भट्ट्यांतल्या वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढून दुसऱ्या टप्प्यात ब्रीडर अणुभट्ट्या; आणि शेवटी थोरियम. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियमचे मोठे साठे आहेत. युरेनियमच्या बाबतीत भूगर्भाने भारताशी हात आखडता घेतला आहे.

गंमत अशी की देशातले पहिले अणुवीज केंद्र या योजनेत बसणारे नव्हते. अणुवीज लवकर सुरू करून ती परवडते हे दाखवून देण्याची घाई होती, आणि अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा देकार हाताशी होता. ऑगस्ट १९६३ मध्ये भारत-अमेरिका करार झाला. समृद्ध युरेनियम अमेरिकेने तीस वर्षे पुरवायचे आणि तारापूरने तेच वापरायचे, असा तो दोन्हीकडून बांधून घेणारा करार होता. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये दोन्ही भट्ट्यांची वीज नियमित मिळू लागली. प्रत्येकीची मूळ क्षमता २१० मेगावॅट होती. पुढे ती १६० वर आणावी लागली.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला अणुस्फोट झाला. त्यासाठीचे प्लुटोनियम तुर्भ्याच्या ‘सायरस’ अणुभट्टीतले होते, आणि ती भट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहिलेली होती. कॅनडाने हात काढून घेतला. राजस्थानातील दुसरी अणुभट्टी भारतीय अभियंत्यांना स्वबळावर पुरी करावी लागली. अमेरिकेने तारापूरचे इंधन लगेच तोडले नाही, पण परवान्यांना विलंब होऊ लागला. १९७८ मध्ये तिथे नवा कायदा आला. ज्या देशाची सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली नाहीत, त्याला इंधन द्यायचे नाही, असा त्याचा रोख होता. भारताचे म्हणणे सरळ होते: करार १९६३ चा आहे, नंतर केलेल्या देशांतर्गत कायद्याने तो मोडता येत नाही. कराराच्या भाषेत पाहिले तर ही बाजू भक्कम होती. पण इंधन दुसऱ्याच्या गोदामात असताना कागदावरच्या भक्कमपणाने भट्टी पेटत नाही. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी ३८ टन इंधन पाठवण्याचे ठरवले. प्रतिनिधिगृहाने विरोधात मत दिले. सेनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांनी ते कसेबसे निभावले. मुंबईच्या परिसरात पोचणारी वीज सातासमुद्रापलीकडच्या दोन मतांवर लटकली होती.

१९८२ मध्ये तोडगा निघाला: करार तोच राहील, इंधन मात्र अमेरिकेऐवजी फ्रान्स देईल. १९९३ मध्ये कराराची मुदत संपली आणि शोध पुन्हा सुरू झाला. १९९५ मध्ये चीनकडून इंधन आले, २००१ मध्ये अमेरिकेच्या नापसंतीला न जुमानता रशियाकडून. मधल्या काळात असलेले इंधन पुरवून पुरवून वापरण्यासाठी भट्ट्या कमी क्षमतेवर चालवल्या गेल्या. युरेनियम आणि प्लुटोनियमच्या मिश्रणाचे ‘मॉक्स’ इंधन देशात तयार करून त्याचे काही संच १९९४ पासून तारापूरच्या भट्टीत घालून पाहण्यात आले. वापरलेल्या इंधनाचे त्रांगडे तर वेगळेच होते. अमेरिकेने ते परत नेले नाही आणि त्यावर पुनर्प्रक्रिया करायला संमतीही दिली नाही. ते तारापूरलाच साठत गेले.

स्वदेशी वाटेवर बाहेरच्या कोणाची मनधरणी करावी लागत नव्हती, पण वेग नव्हता. झारखंडमधील जादुगुडाच्या खाणीत एक टन दगड फोडला की अर्धा किलोच्या आसपास युरेनियम मिळते. कॅनडातील उत्तम खाणींत हेच प्रमाण दहा टक्क्यांच्याही वर जाते. जादुगुडाला खडक दळून, आम्लात विरघळवून पिवळी भुकटी काढतात आणि ती हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्सला जाते. तिथे तिच्या करंगळीच्या पेरापेक्षाही लहान वड्या करून झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात. अशा १९ नळ्यांचा एक जुडगा होतो: लांबी अर्धा मीटर, वजन सोळा किलोच्या घरात. २२० मेगावॅटच्या भट्टीत असे साडेतीन हजारांहून अधिक जुडगे असतात आणि भट्टी चालू असतानाच जुने ढकलून नवे सरकवले जातात. म्हणजे पुरवठ्यात खंड पडला की त्याचा चटका थोड्याच दिवसांत बसतो. नव्या भट्ट्या उभ्या राहिल्या, पण नव्या खाणी वेळेत सुरू झाल्या नाहीत. मेघालयातील साठे चांगल्या प्रतीचे होते; तिथे खासी समाजातून तीव्र विरोध झाला. २००८ च्या सुमारास स्वदेशी भट्ट्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास चालवण्याची वेळ आली.

अमेरिकेशी झालेल्या अणुकरारामागे ही टंचाई होती, हे त्या वेळच्या गदारोळात पुरेसे बोलले गेले नाही. जुलै २००५ मध्ये मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांनी संयुक्त निवेदन काढले. पुढच्या वर्षी २२ पैकी १४ अणुभट्ट्या नागरी ठरवून देखरेखीखाली द्यायचे ठरले. ब्रीडर भट्ट्या त्या यादीबाहेर राहिल्या पाहिजेत, असा अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांचा आग्रह होता, आणि तो मान्य झाला. डाव्या पक्षांनी पाठिंबा काढला. २२ जुलै २००८ रोजी सरकारने २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वासमत जिंकले. ६ सप्टेंबरला व्हिएन्नात अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सूट दिली. तारापूरची आठवण करारातही उतरली होती. पुरवठा खंडित झाल्यास रशिया, फ्रान्स, ब्रिटन अशा मित्रदेशांना एकत्र बोलावून तो पूर्ववत करायचा आणि भारताला इंधनाचा राखीव साठा उभारायला मदत करायची, असे त्यात लिहून घेतले गेले.

त्यानंतर रशिया, फ्रान्स, कझाकस्तान आणि कॅनडा यांच्याकडून इंधन येऊ लागले. आयात इंधन देखरेखीखालच्या भट्ट्यांत, स्वदेशी युरेनियम उरलेल्यांत, अशी विभागणी झाली. ती तारापूरलाच शेजारी शेजारी पाहायला मिळते. जुन्या दोन भट्ट्या परदेशी इंधनाच्या आणि आंतरराष्ट्रीय निरीक्षकांच्या कक्षेत आहेत. २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या ५४० मेगावॅटच्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्या मात्र जड पाण्याच्या, देशी बनावटीच्या आणि यादीबाहेरच्या. कुडनकुलमच्या भट्ट्यांना इंधन रशियाचे. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला योजलेल्या सहा फ्रेंच भट्ट्यांनाही समृद्ध युरेनियमच लागणार आहे.

भाभांच्या योजनेतील दुसरा टप्पा कल्पाक्कमला आहे. तिथल्या ५०० मेगावॅटच्या ब्रीडर भट्टीत गाभा भरण्याचे काम, ठरल्या वेळेच्या कितीतरी मागे पडून, मार्च २०२४ मध्ये सुरू झाले. थोरियमपासून मिळवलेल्या युरेनियम-२३३ वर चालणारी ‘कामिनी’ भट्टीही कल्पाक्कमलाच आहे. तिची क्षमता ३० किलोवॅट. तिचा उपयोग विजेसाठी होत नाही, संशोधनासाठी आणि वापरलेल्या इंधनाची आतून तपासणी करण्यासाठी होतो.