जेंटूच्या गिरणीत लॅबल-जीटीके

आपल्या बंगळुरूत २००१ पासून लिनक्सची संमेलनं भरत आली आहेत, त्यामुळे लिनक्स म्हणजे काय हे सांगत बसत नाही. उबुंटू म्हणजे तयार पिठाची पिशवी. जेंटू म्हणजे गहू तुमच्या हातात, दळण तुमच्याच घरी. पोळीला बारीक की लाडवाला जाडसर, हे तुम्ही 'यूज फ्लॅग' लावून सांगायचं. आणि गिरणीवाल्याला दिलेली चिठ्ठी म्हणजे 'ईबिल्ड': मूळ कोड कुठून आणायचा, आधी काय काय हवं, बांधायचं कसं. साधी बॅश फाइल असते ती.

आज चिठ्ठी लिहायची आहे लॅबल-जीटीकेसाठी. ओकॅमल या फंक्शनल भाषेतून खिडक्या, बटणं, मेनू काढायचं हे साधन. फायली जुळवणारा युनिसन, गणिताच्या सिद्धता तपासणाऱ्या रॉकचा, म्हणजे पूर्वीच्या कॉकचा, संपादक, हे दोन्ही त्याच्यावर उभे आहेत.

बांधणं अवघड नाही. तिसरी आवृत्ती 'ड्यून'ने बांधली जाते आणि तिला कैरो-२ लागतं. एक नियम मात्र कडक: बांधकाम चालू असताना इंटरनेट बंद. जे लागेल ते आधीच यादीत हवं, मागाहून रसद मिळणार नाही. मला हा नियम फार आवडतो.

खरी मेख पुढे आहे. सी भाषेतलं जीटीके सुधारलं, तरी त्याच मालिकेत जुने प्रोग्राम सहसा चालत राहतात. ओकॅमल तसं नाही. प्रत्येक मॉड्यूल आपण वापरलेल्या इंटरफेसचा ठसा जपून ठेवतं, आणि जोडणीच्या वेळी ठसे जुळले नाहीत तर साफ नकार देतं. आधीच बांधलेला युनिसन चालत राहील, कारण ओकॅमलचा कोड सहसा त्याच्या पोटातच असतो. पण ओकॅमल नवं आणि लॅबल-जीटीके जुनं अशा यंत्रावर युनिसन पुन्हा बांधायला घ्या, तिथेच अडेल. संशोधन करणारा एखादा विद्यार्थी रात्री मशीन अपडेट करतो आणि सकाळी त्याचा संपादक बांधला जात नाही. चूक त्याची नसते, चिठ्ठी लिहिणाऱ्याची असते.

उपाय दोन अक्षरांचा. अवलंबनाच्या ओळीत ओकॅमल आणि कैरो-२ यांच्या नावापुढे ':=' लिहायचं. मग त्यांचा उपस्लॉट बदलला की पोर्टेज स्वतःच लॅबल-जीटीके पुन्हा बांधायला घेतं. तसंच 'ओकॅमलऑप्ट' हा फ्लॅग. मशीन कोड हवा असेल तर खालच्या प्रत्येक लायब्ररीतही तो चालू हवा, ही अटही चिठ्ठीतच घालायची. आवृत्ती दोन आणि तीन शेजारी नांदाव्यात म्हणून त्यांना वेगळे स्लॉट.

तपासणी स्वतःच्या रोजच्या मशीनवर करू नका. तिथे सगळं आधीच बसवलेलं असतं, यादीतली गळती दिसतच नाही. कोरं 'स्टेज-३' उघडा, फ्लॅग लावून एकदा बांधा, काढून एकदा.

हे कोणी करायचं? ज्या पॅकेजला वाली नाही आणि जे मोडलेलं आहे, त्यावर जेंटूत 'लास्ट राइट्स'ची नोटीस लागते. साधारण ३० दिवसांत कोणी पुढे आलं नाही, तर ते भांडारातून जातं. पण वाली होण्यासाठी जेंटूचे अधिकृत डेव्हलपर असावं लागत नाही. 'प्रॉक्सी मेंटेनर' पद्धतीत तुम्ही चिठ्ठी लिहायची, डेव्हलपर तपासून आत घेतात. नवी पॅकेजं 'गुरू' भांडारातही देता येतात. वय कोणी विचारत नाही.

आता टर्मिनल उघडतो, पहिली ओळ लिहू: ईएपीआय बरोबर ८.