म्हातारपणाची दुखणी आणि विम्याचा हिशेब



आमचा विषय रुक्ष आहे. वसंत ऋतूतल्या संध्याकाळी हप्ते, दावे आणि अटी यांचे पुराण कोण ऐकणार, असे कोणी म्हणेल. परंतु या सभागृहात साठी ओलांडलेली मंडळी पुष्कळ दिसतात आणि त्यांतील कित्येकांच्या खिशात आत्ताही गोळ्यांची पाकिटे असतील. तेव्हा विषय रुक्ष असला तरी परका नाही.

विमा म्हणजे काय, हे कामगाराला सांगावे लागत नाही. शंभर जणांनी थोडे थोडे टाकायचे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याला उचलून धरायचे. आग लागेल की नाही हे ठाऊक नसते, म्हणून आगीचा विमा चालतो. पण मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात हे अचानक येणारे प्रसंग नव्हेत. ते एकदा घरात आले की मुक्कामाला राहतात. ज्याला औषध रोजच लागणार, त्याचा विमा उतरवताना कंपनी बिचकते. तिच्या बाजूनेही बोलले पाहिजे : माणसे आजारी पडल्यावरच विमा घेऊ लागली तर निधी रिकामा होईल. हे म्हणणे खोटे नाही. मात्र त्यातून पुढे ज्या अटी निघतात, त्या आपण नीट वाचल्या पाहिजेत.

पहिली अट प्रतीक्षाकाळाची. पूर्वी असलेल्या आजारासाठी चार वर्षांपर्यंत थांबावे लागे. विमा नियामक प्राधिकरणाने ही मर्यादा २०२४ साली ३६ महिन्यांवर आणली. त्याच वर्षी पासष्ट वर्षांनंतर नवी पॉलिसी नाकारण्याची जुनी वहिवाटही मोडली. जानेवारी २०२५ मध्ये असाही आदेश निघाला की, ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर कंपनीने आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा. या सुधारणा चांगल्या आहेत. मधुमेहींसाठी काही कंपन्यांनी खास योजनाही काढल्या आहेत. त्यांत प्रतीक्षा कमी असते, परंतु हप्ता चढा असतो.

दुसरी अट सहभागाची, म्हणजे बिलाचा ठरावीक हिस्सा रुग्णाने सोसण्याची. तिच्या जोडीला खोलीच्या भाड्याची मर्यादा. उदाहरण घेऊ. पॉलिसी तीन लाखांची, खोलीची मर्यादा दिवसाला ३,००० रुपये. रुग्ण राहिला ६,००० च्या खोलीत. बिल झाले एक लाख. त्यांपैकी ६०,००० खोलीचे आणि खोलीशी जोडलेले, म्हणजे डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह वगैरे. ४०,००० औषधे व तपासण्यांचे. खोली दुप्पट भाड्याची, म्हणून पहिल्या रकमेतले निम्मे कापले, उरले ७०,०००. त्यावर वीस टक्के सहभाग, म्हणजे १४,००० गेले. हाती ५६,०००. पदरचे ४४,०००. पॉलिसी तीन लाखांची आणि बिल एक लाखाचे, तरी हा हिशेब असा होतो. यात फसवणूक नाही, सारे कागदावर छापलेले असते. पण बारीक अक्षर वाचायला लावणारा माणूस सही घेताना जवळ नसतो.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. बहुतेक पॉलिसी रुग्ण इस्पितळात दाखल झाला तरच पैसे देतात. रक्तदाबाची गोळी रोज घेतली तर पक्षाघात टळण्याचा संभव वाढतो. त्या गोळीला विमा एक पैसा देत नाही. गोळी परवडली नाही, झटका आला, खाटेवर पडावे लागले, की मग विमा धावतो. दीर्घ आजाराच्या माणसाला उलट क्रम हवा असतो.

सरकारी योजनांतही हाच क्रम आहे. आयुष्मान भारत योजनेत २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण खुले झाले. प्रतीक्षाकाळ नाही, जुना आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. हे मोठे पाऊल आहे आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. परंतु तेही दाखल झालेल्या रुग्णापुरतेच. शिवाय कामगार निवृत्त होतो अठ्ठावन्न किंवा साठाव्या वर्षी. मधल्या दहा-बारा वर्षांतच दुखणी घट्ट मूळ धरतात.

याला एक जुना तोडगा आहे, तो आम्ही आवर्जून सांगतो. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ साली झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. वर्गणी वयावर नाही, आजारावर नाही, पगारावर ठरते : १ जुलै २०१९ पासून कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के. बाह्यरुग्णाची तपासणी आणि औषधे त्यात येतात. आणि ज्याने निदान पाच वर्षे विमित नोकरी केली व जो वयोमानाने निवृत्त झाला, त्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःला आणि पत्नीला वैद्यकीय मदत चालू ठेवता येईल, अशी तरतूद नियमांत आहे. महिना दहा रुपये! निरोपाच्या दिवशी नारळ आणि शाल देणारे कारखाने ही गोष्ट क्वचितच सांगतात. युनियननेही निवृत्तीच्या यादीबरोबर हा अर्ज जोडण्याची शिस्त लावून घेतली पाहिजे.

यावरून तत्त्व दिसते ते असे : तरुणपणीच सर्वांनी मिळून वर्गणी भरली, तर म्हाताऱ्याचे ओझे कोणा एकावर पडत नाही. पैशांअभावी कोणी योग्य उपचारांना मुकू नये, असे भोर समितीने १९४६ सालीच सांगून ठेवले होते.

तेव्हा आमची मागणी तीन कलमांची आहे. बाहेरून घेतलेल्या नियमित औषधांचा व तपासण्यांचा खर्च विम्यात यावा. सत्तरची अट साठवर आणावी. आणि प्रत्येक पॉलिसीबरोबर सोप्या मराठीत असा एक हिशेब द्यावा, की एक लाखाच्या बिलात तुम्हांला किती पडतील.

हे होईपर्यंत आपल्या हाती काय आहे? आजार लपवू नका. दावा नाकारायला तेच कारण पुढे येते. जुनी पॉलिसी रागाने सोडू नका. कंपनी बदलायची तर प्रतीक्षेचे भरलेले महिने सोबत नेता येतात. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्याला फी नाही, वकील लागत नाही, पुण्यात व मुंबईत त्याची कार्यालये आहेत.

आणि आपल्या आळीत यंदा कोणी कारखान्यातून निवृत्त होत असेल, तर त्याला त्या एकशेवीस रुपयांच्या अर्जाचे आजच सांगा. अर्ज भरायला मदत हवी असेल तर आम्ही सभा संपल्यावर येथे थांबणार आहोत.